कैरोची बातमी छापताना तिचा मालकही सांगा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाझातील शस्त्रसंधीच्या वाटाघाटी सुरू असताना मराठी दैनिकांच्या देश-विदेश पानावर एक वाक्य वारंवार येत होते : ‘इजिप्तच्या अल-काहिरा न्यूज वाहिनीने उच्चपदस्थ सूत्रांच्या हवाल्याने सांगितले’. वाक्यात चूक काही नाही. पण वाचकाचा समज असा होतो, की कैरोत एक वाहिनी आहे, तिच्या बातमीदाराने धावपळ करून कुणा अधिकाऱ्याला गाठले आणि आतली बातमी काढून आणली. ही वाहिनी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाली. ती ‘युनायटेड मीडिया सर्व्हिसेस’ या समूहाची आहे आणि या समूहाचे धागे इजिप्तच्या गुप्तचर खात्यापर्यंत पोहोचतात, असे तिथल्याच स्वतंत्र पत्रकारांनी वेळोवेळी लिहिले आहे. वाटाघाटींत मध्यस्थी करणारे खातेही तेच. म्हणजे बातमी सांगणारा आणि ती छापणारा बहुधा एकाच घरचे. अशी बातमी खोटीच असते असे नव्हे. उलट अनेकदा ती सर्वांत आधी आणि बरोबर असते. मात्र ती मध्यस्थाने आपल्या सोयीने सोडलेली माहिती असते, आणि ‘वाहिनीचे वृत्त’ म्हणून ती वाचणे व मध्यस्थाचे निवेदन म्हणून वाचणे यांत फार अंतर आहे.

आमची मागणी साधी आहे. अरब देशांतील माध्यमांच्या हवाल्याने बातमी देताना त्या माध्यमाच्या नावापुढे त्याची मालकी लिहावी : ‘सरकारी मालकीचे’, ‘सरकारशी संबंधित समूहाची’, ‘खासगी’, किंवा ‘ज्यावर त्या देशात बंदी आहे असे’. दोन-चार शब्द पुरतात. ही मागणी का करावी लागते हे समजण्यासाठी तिथे माध्यमे ताब्यात ठेवण्याची पद्धत बारकाईने पाहावी लागते. अनेक देशांबद्दल थोडेथोडे लिहिण्यापेक्षा इजिप्त हा एकच देश घेतला आहे, कारण अरब जगातली सर्वांत जुनी आणि मोठी वृत्तपत्रसृष्टी तिथली, आणि नियंत्रणाचे बहुतेक प्रकार आधी तिथे आजमावले गेले.

‘अल-अहराम’ या दैनिकाची स्थापना १८७५ मध्ये अलेक्झांड्रियात झाली. तकला आडनावाच्या दोन लेबनीज भावांनी ते काढले. आजही त्यातल्या निधनवार्तांचे पान इतके मानाचे, की ज्याची निधनवार्ता ‘अल-अहराम’मध्ये आली नाही तो मेलाच नाही, असे कैरोत म्हणतात. वृत्तपत्रे वाढू लागली तसा १८८१ मध्ये छापखान्यांवर कायदा आला. ताकीद देऊन वृत्तपत्र बंद करण्याचा अधिकार त्याने प्रशासनाला दिला. मध्ये बरीच वर्षे तो धूळ खात पडला होता. मार्च १९०९ मध्ये, इंग्रजांचा अंमल असताना, तो पुन्हा बाहेर काढला गेला.

नाशिककरांना १९०९ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, हिंदुस्थानात नवा छापखाना कायदा आला. छापखानेवाल्याकडून अनामत रक्कम घ्यायची आणि मजकूर आवडला नाही की ती जप्त करायची, ही त्यातली मुख्य मेख. संपादकाला तुरुंगात घातले की तो लोकांचा नायक होतो, हा टिळकांवरच्या खटल्यांचा अनुभव सरकारच्या गाठीशी होता. अनामत जप्त झाली की वृत्तपत्र मुकाट बंद पडते. पैशाचा हा फास आज इजिप्तच्या कायद्यात वेगळ्या रूपात दिसतो, म्हणून हा उल्लेख केला.

२०१८ च्या कायदा क्रमांक १८० नुसार इजिप्तमध्ये दैनिक काढायचे तर कंपनीचे भांडवल किमान ६० लाख इजिप्शियन पौंड हवे, साप्ताहिकासाठी २० लाख, साध्या वृत्त-संकेतस्थळासाठीही १ लाख. बातम्यांची दूरचित्रवाहिनी काढायची तर ५ कोटी. १९९६ च्या कायद्यात दैनिकासाठी १० लाख पुरत होते. एवढे पैसे कुणा पत्रकारांच्या गटाकडे असणे कठीण. असतात ते उद्योगपतीकडे, आणि त्याचे सिमेंटचे, दूरसंचाराचे, जमिनीचे धंदे सरकारी परवानग्यांवर चाललेले असतात. त्याला काही सांगायला फोनसुद्धा करावा लागत नाही. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेले कुणाचेही वैयक्तिक समाजमाध्यम खाते वृत्तपत्राच्या नियमांखाली आणले आहे. खोटी बातमी, कायदा मोडायला चिथावणी, द्वेष असे कारण देऊन नियामक परिषद ते बंद करू शकते. ही परिषद नऊ जणांची असते आणि तिची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने होते.

पण भांडवलाची अट हा नवा थर झाला. मूळ पाया १९६० चा आहे. त्या वर्षी २४ मे रोजी राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कायदा क्रमांक १५६ काढून ‘अल-अहराम’, ‘अखबार अल-यौम’, ‘दार अल-हिलाल’ आणि ‘रोझ अल-यूसुफ’ या मोठ्या वृत्तपत्रसंस्थांची मालकी एकमेव अधिकृत राजकीय संघटनेकडे सोपवली. ‘अल-गुमहूरिया’ तर १९५३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनीच सुरू केलेले. तेव्हापासून पद्धत बदलली ती एवढीच, की मालक म्हणून कागदावर कुणाचे नाव आहे. आधी पक्षसंघटना, मग १९८० पासून शूरा कौन्सिल हे वरिष्ठ सभागृह, आणि २०१४ च्या राज्यघटनेने ते सभागृह रद्द केल्यानंतर राष्ट्रीय वृत्तपत्र प्राधिकरण. संपादक नेमणारा हात दर वेळी सत्तेचाच. ऑगस्ट २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहूडचे मोर्सी सत्तेवर असताना शूरा कौन्सिलने सरकारी वृत्तपत्रांचे पन्नासच्या आसपास संपादक एका फटक्यात बदलले, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर या यंत्रणेचा मार खाल्ला होता त्यांनीच ती उचलून वापरली. म्हणून हा प्रश्न नासर, मुबारक, मोर्सी की आजचे राष्ट्राध्यक्ष सीसी असा व्यक्तींचा नाही. धरणाच्या दरवाजाची किल्ली एका हातात असली, की शेताशेतावर पहारेकरी ठेवावा लागत नाही.

या ‘दरवाजा’त छापखाने आणि वितरण येते, आणि ही बाब बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसते. इजिप्तमधली बहुतेक खासगी दैनिकेसुद्धा ‘अल-अहराम’, ‘अखबार अल-यौम’ किंवा ‘अल-गुमहूरिया’ या सरकारी संस्थांच्या छापखान्यांतच छापली जातात आणि त्यांच्याच गाड्यांतून गावोगाव जातात. रात्री पाने यंत्रावर चढण्याआधी ती त्या छापखान्यात अनेकांच्या डोळ्यांखालून जातात. एखादी बातमी अडली, की छपाई ‘तांत्रिक कारणाने’ थांबते, फोन होतात, ते पान बदलले जाते, मग यंत्र सुरू होते. मार्च २०१५ मध्ये ‘अल-वतन’ या खासगी दैनिकाने काही वजनदार सरकारी संस्थांकडून कर भरला जात नसल्याची बातमी घेतली होती. तो अंक असाच अडवून बातमी काढायला लावली गेली. छापलेल्या अंकात मागाहून काहीच दिसत नाही. आणीबाणीत आपल्याकडे अग्रलेखाची जागा कोरी सोडून काही दैनिकांनी निषेध नोंदवला, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, त्या गोष्टी निदान लोकांच्या डोळ्यांसमोर घडल्या. कैरोतली पद्धत कोरी जागाही राहू देत नाही.

नव्वदच्या दशकात काही इंग्रजी नियतकालिकांनी यातून वाट काढली होती. इजिप्तचा परवाना मिळत नाही म्हणून सायप्रसमध्ये नोंदणी करायची आणि अंक कैरोत काढायचा. ‘कैरो टाइम्स’ असेच चाले. पण मग ते कायद्याने ‘परदेशी प्रकाशन’ ठरे आणि परदेशी प्रकाशनांचा सेन्सॉर प्रत्येक अंक आधी पाही. एका दारातून सुटले की दुसऱ्या दारात तपासणी.

दूरचित्रवाणी २१ जुलै १९६० रोजी सुरू झाली. नाईलकाठच्या मास्पेरो इमारतीतून सरकारी वाहिन्या चालतात आणि इजिप्तमध्ये ‘मास्पेरो’ म्हटले की सरकारी दूरचित्रवाणी असाच अर्थ घेतला जातो. त्याआधी नभोवाणीचा जमाना होता. ४ जुलै १९५३ रोजी सुरू झालेल्या ‘सौत अल-अरब’ केंद्रावरून अहमद सईद यांचा आवाज मोरोक्कोपासून इराकपर्यंत ऐकला जाई. ५ जून १९६७ ला इस्रायलने इजिप्तचे हवाईदल सकाळच्या काही तासांत जमिनीवरच नष्ट केले आणि हेच केंद्र शत्रूची डझनावारी विमाने पाडल्याचे सांगत राहिले. चार दिवसांनी खरे कळले. त्यानंतर अरब श्रोता बातमीसाठी बीबीसी अरबी लावू लागला आणि तीन दशकांनी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, कतारने ‘अल-जझीरा’ सुरू केली तेव्हा तिला तयार प्रेक्षक मिळाला. अर्थात ‘अल-जझीरा’चा खर्च कतारचे सरकार उचलते, आणि कतारमधल्या घडामोडींबद्दल ती तेवढी धारदार नसते. मालकी सांगण्याचा नियम तिलाही लागू व्हावा.

नियंत्रणाची खूण पानावर कशी दिसते याचे दोन नमुने सांगतो. पहिला सप्टेंबर २०१० चा. व्हाइट हाउसमध्ये ओबामा पुढे आणि त्यांच्या मागे नेतान्याहू, अब्बास, जॉर्डनचे राजे व मुबारक चालत येत असल्याचे छायाचित्र वृत्तसंस्थांनी दिले होते. मूळ छायाचित्रात मुबारक डाव्या कडेला, सर्वांच्या मागे आहेत. ‘अल-अहराम’मध्ये तेच छायाचित्र छापले गेले तेव्हा मुबारक लाल गालिच्यावर सर्वांच्या पुढे आणि ओबामा त्यांच्या मागे. एका ब्लॉगलेखकाने दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली आणि सगळे उघड झाले. संपादकांनी, हे अभिव्यक्तिवादी छायाचित्र आहे, असे त्याचे समर्थन केले. पुढच्या पाच महिन्यांत मुबारक सत्तेवरून गेले.

दुसरा नमुना १७ जून २०१९ चा. माजी राष्ट्राध्यक्ष मोर्सी खटल्याच्या सुनावणीतच कोसळले आणि मरण पावले. दुसऱ्या दिवशी बहुतेक दैनिकांनी जवळजवळ एकच ४२ शब्दांचा मजकूर आतल्या पानावर छापला. ते कधी राष्ट्राध्यक्ष होते याचा त्यात उल्लेखच नव्हता. ‘अल-मस्री अल-यौम’ या खासगी दैनिकाने तेवढी ती बातमी पहिल्या पानावर घेतली. ‘एक्स्ट्रा न्यूज’ वाहिनीवर निवेदिकेने समोरच्या पडद्यावरचा मजकूर वाचला आणि शेवटची ओळही वाचून टाकली : ‘सॅमसंग उपकरणावरून पाठवले’. मोबाइलवरून आलेला संदेश कुणीही न तपासता तसाच वाचनयंत्रावर चढवला गेला होता. सूचना व्हॉट्सॲपवर येतात, कोणता पाहुणा बोलवायचा आणि कोणता विषय टाळायचा हे त्यात असते, असे इजिप्तमधले पत्रकार सांगत होतेच. त्या संध्याकाळी ते लाखो लोकांनी ऐकले.

खासगी वाहिन्या मालकीतूनच ताब्यात घेण्याचे काम २०१६ पासून झाले. त्या वर्षी मे महिन्यात नगीब साविरिस यांनी ‘ओएनटीव्ही’ ही वाहिनी पोलाद उद्योजक अहमद अबू हशीमा यांना विकली. पुढच्या वर्षी अबू हशीमा यांचा माध्यमसमूह ‘ईगल कॅपिटल’ या गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि ही कंपनी गुप्तचर खात्याची असल्याचे वृत्त ‘मदा मस्र’ या संकेतस्थळाने डिसेंबर २०१७ मध्ये दिले. दैनिके, वाहिन्या, रमझानमधल्या मालिका काढणाऱ्या निर्मितीसंस्था असे सगळे हळूहळू एका छत्राखाली आले. हेच ते युनायटेड मीडिया सर्व्हिसेस. म्हणून कैरोतल्या पाच वेगवेगळ्या नावांच्या वाहिन्यांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती पाच ठिकाणांहून आलेली पुष्टी धरता येत नाही. वृत्तसंपादकाची सर्वांत मोठी फसगत इथे होते.

इंटरनेटबद्दल थोडे तपशिलात लिहितो. २०११ च्या उठावात २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर देशातल्या मोठ्या सेवापुरवठादारांनी, सरकारच्या हुकमावरून, आपले पत्ते जगाला कळवणाऱ्या राउटिंगच्या नोंदी मागे घेतल्या. सुमारे साडेतीन हजार मार्ग काही मिनिटांत नाहीसे झाले. कुठलीही केबल तोडावी लागली नाही. शेअर बाजाराला सेवा देणारा ‘नूर’ हा छोटा पुरवठादार तेवढा ३१ जानेवारीपर्यंत चालू होता. दूरध्वनीच्या साध्या तारा चालू असल्याने लोकांनी जुने मोडेम शोधून फ्रान्समधल्या क्रमांकांवर डायल-अप जोडणी केली. २ फेब्रुवारीला सेवा परत आली. या पाच दिवसांचा थेट तोटा ओईसीडी या संघटनेने सुमारे ९ कोटी डॉलर काढला. सगळेच बंद केले की बँका, विमानसेवा, पर्यटन हेही बंद पडते, आणि ज्यांना घरात बसून पाहता येत होते ते रस्त्यावर येतात. सरकार यातून शिकले.

त्यामुळे २४ मे २०१७ पासून निवडक संकेतस्थळे अडवणे सुरू झाले. पहिल्या यादीत २१ होती; ‘अल-जझीरा’ आणि ‘मदा मस्र’ दोन्ही त्यात. पुढे हा आकडा काहीशेवर गेला. न्यायालयाचा आदेश दाखवला गेला नाही आणि कुठल्या खात्याने अडवले हेही सांगितले गेले नाही. वापरणाऱ्याला ‘हे संकेतस्थळ बंद आहे’ अशी पाटी दिसत नाही. पान उघडायला लागते आणि जोडणी तुटते. त्याला वाटते नेट गेले. यासाठी पुरवठादाराच्या जाळ्यात वाटेत उपकरण बसवतात. ते जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीत संकेतस्थळाचे नाव शोधते आणि सापडले की दोन्ही बाजूंना ‘जोडणी संपली’ असा खोटा निरोप पाठवते. टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने मार्च २०१८ मध्ये इजिप्तच्या जाळ्यात सँडव्हाइन कंपनीच्या उपकरणांच्या खुणा आढळल्याचे नोंदवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने या कंपनीला निर्यात-निर्बंधांच्या यादीत घातले. इजिप्तसह अनेक देशांतून बाहेर पडण्याचे तिने जाहीर केल्यावर ऑक्टोबरमध्ये नाव काढले. ‘मदा मस्र’ आरशासारख्या पर्यायी पत्त्यांवरून अजून प्रसिद्ध होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या लोकांना इजिप्तच्या सिनाई भागात हलवण्याच्या शक्यतेवर या संकेतस्थळाने बातम्या दिल्या तेव्हा नियामक परिषदेने आणखी सहा महिन्यांची बंदी घातली.

आता आकड्यांकडे येतो, कारण मराठी पानावर चूक सर्वांत सहज इथेच शिरते. १ जुलै २०१५ रोजी उत्तर सिनाईत शेख झुवैदजवळ मोठा हल्ला झाला. लष्कराने १७ सैनिक मृत झाल्याचे सांगितले; वृत्तसंस्थांचे आकडे त्याच्या कितीतरी पट होते. पुढच्याच महिन्यात दहशतवादविरोधी कायदा क्रमांक ९४ आला. त्याच्या ३५ व्या कलमानुसार दहशतवादी घटनेबद्दल अधिकृत निवेदनाविरुद्ध ‘खोटी’ माहिती दिली तर २ ते ५ लाख पौंड दंड. मसुद्यात तुरुंगवास होता. पत्रकार संघटनेने विरोध केल्यावर दंड झाला. पण एका बातमीदाराला काही वर्षांच्या पगाराएवढा दंड म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दोन वर्षांनी, २० ऑक्टोबर २०१७ ला, पश्चिम वाळवंटात अल-वाहातजवळ पोलिसांवर हल्ला झाला. रॉयटर्सला सुरक्षा सूत्रांनी ५० हून अधिक मृत सांगितले, गृहखात्याने १६. राज्य माहिती सेवेने रॉयटर्स आणि बीबीसीवर जाहीर टीका केली. ही सेवाच परदेशी पत्रकारांना ओळखपत्र देते, हे लक्षात घ्यावे. मार्च २०२० मध्ये करोनाचे रुग्ण सरकारी आकड्यापेक्षा बरेच जास्त असावेत, असा टोरोंटो विद्यापीठातील तज्ज्ञांचा अंदाज ‘गार्डियन’ने छापला आणि त्या बातमीदाराचे ओळखपत्र रद्द होऊन तिला देश सोडावा लागला.

परदेशी पत्रकाराला देश सोडता येतो. स्थानिकाचे तसे नसते. छायाचित्रकार शौकान १४ ऑगस्ट २०१३ ला कैरोच्या राबिया चौकातून मोर्सीसमर्थक आंदोलकांना हटवण्याच्या कारवाईची छायाचित्रे काढताना पकडला गेला आणि मार्च २०१९ मध्ये सुटला. ‘अल-जझीरा’चे महमूद हुसेन डिसेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०२१ खटल्याविना कोठडीत होते. कायद्याने अशी कोठडी दोन वर्षांपलीकडे चालत नाही. मुदत भरत आली की त्याच माणसावर नवे प्रकरण दाखल करतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. कैरोतले वकील याला ‘तदवीर’ (फिरवत ठेवणे) म्हणतात. आरोप बहुधा दोनच : बंदी असलेल्या संघटनेत सामील होणे आणि खोट्या बातम्या पसरवणे. पत्रकार मोहम्मद मुनीर यांना २०२० च्या जूनमध्ये अशाच आरोपांखाली पकडले गेले, कोठडीत करोना झाला आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, जुलैमध्ये, ते गेले. एवढे होऊनही तिथले पत्रकार गप्प बसलेले नाहीत. १९४१ पासूनच्या त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षपदी मार्च २०२३ मध्ये सरकारपुरस्कृत मानल्या जाणाऱ्या उमेदवाराला हरवून खालिद अल-बलशी निवडून आले, आणि २०२५ मध्ये पुन्हा. आपल्या पानावर या माणसांना जागा मिळावी असे आम्हाला मनापासून वाटते.

हे सगळे वाचून ‘आपल्याकडे बरे आहे’ असे कुणाला वाटले तर ते पुरते खरे नाही. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या २०२५ च्या यादीत १८० देशांत इजिप्त १७० वा आहे आणि भारत १५१ वा. ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये वेगवान मोबाइल इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले.

नाशिकच्या वाचकाला याचे काय, असे विचारले जाईल. कांद्याचे पाहा. आखाती बाजारात इजिप्तचा कांदा आपल्या कांद्याशी स्पर्धा करतो. २०१९ च्या अखेरीस आपल्याकडे टंचाई झाली तेव्हा सरकारी कंपनीमार्फत इजिप्तचा कांदा इथे आणला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इजिप्तने कांदा निर्यात तीन महिने थांबवली, मग ती बंदी मार्च २०२४ अखेरपर्यंत वाढवली; मध्येच ८ डिसेंबरला आपल्याकडेही निर्यातबंदी आली. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्याला अशा वेळी तिथला भाव, साठा आणि चलनाचा दर हवा असतो. जानेवारी २०२४ मध्ये डॉलरचा अधिकृत दर ३१ पौंडांच्या आसपास होता आणि काळ्या बाजारात तो ७० च्या घरात गेला होता. ६ मार्चला अधिकृत दर एका दिवसात ५० च्या जवळ गेला. ज्याने फक्त अधिकृत दरावर इजिप्तच्या मालाची किंमत काढली, त्याचा हिशेब निम्म्याहून अधिक चुकला.

म्हणून देश-विदेश पान लावणाऱ्यांना विनंती. ‘अल-अहराम’चे हवाले घेताना अरबी दैनिक आणि ‘अहराम ऑनलाइन’ ही इंग्रजी आवृत्ती वेगळ्या धराव्यात. इंग्रजी आवृत्ती परदेशी वाचकासाठी असते आणि पुष्कळदा अधिक मोकळी असते, देशातल्या लोकांना काय सांगितले जात आहे ते अरबीतच कळते. मेना ही सरकारी वृत्तसंस्था आहे, तिचे वृत्त सरकारी निवेदन म्हणूनच द्यावे. मृतांचा आकडा असेल तर अधिकृत आणि वृत्तसंस्थेचा असे दोन्ही, कुणी दिला त्यासह, एकाच वाक्यात द्यावेत. मथळ्यात जागा नसेल तर मथळ्यात आकडाच घेऊ नये. ‘उच्चपदस्थ सूत्र’ हे शब्द आले की ते कुठल्या वाहिनीचे आणि ती कोणाची हे लगेच पुढे यावे. एकाच समूहाच्या दोन माध्यमांना ‘दोन वृत्तांनुसार’ असे लिहू नये. आणि एखाद्या मोठ्या घटनेवर तिथली सगळी दैनिके अगदी सारखे वाक्य छापत असतील, तर ती एकसारखी छपाई हीच बातमी आहे, तीही द्यावी. डेस्कवरच्या माणसाला रात्री दहानंतर एवढे तपासायला वेळ नसतो, हे मान्य. पण माध्यमांची मालकी रोज बदलत नाही. अरब देशांतली नेहमी हवाल्यात येणारी पंधरा-वीस नावे आणि प्रत्येकापुढे मालकाचे दोन शब्द, एवढा कागद एकदा करून संगणकाशेजारी चिकटवला की काम भागते. वर्षातून एकदा तो तपासावा.

वाचकांसाठीही एक सूचना छापावी, विशेषतः ज्यांच्या घरचे कुणी आखातात नोकरीला आहे त्यांच्यासाठी. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायदा क्रमांक ३४ नुसार इंटरनेटवरून अफवा किंवा अधिकृत माहितीच्या विरुद्ध खोटी बातमी पसरवणाऱ्याला किमान एक वर्ष कैद आणि किमान १ लाख दिरहम दंड आहे. साथ किंवा आपत्तीच्या काळात दोन्ही दुप्पट. फक्त पुढे ढकललेला संदेशही त्यात येऊ शकतो. इथे नाशिकमध्ये बसून आपण तिथल्या सरकारवरचे कात्रण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकतो आणि दुबईतला मुलगा ते सहज त्याच्या खोलीतल्या मित्रांना पाठवतो. असे कात्रण त्याला पाठवू नये, आणि त्याला हवेच असेल तर तो सुट्टीवर घरी आला की दाखवावे.

आपले नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक